दोराचं दुसरं टोक

लकवा मारल्यापासून शांतवननं जेवणाआधीची प्रार्थना सोडली होती. भाकरी पुढ्यात आली की तो मान भिंतीकडं वळवायचा आणि म्हणायचा, "तू कर."

रूथबाई करायची. पण तिची प्रार्थना म्हणजे निम्मं भांडणच असायचं. सगळ्या संसारात प्रार्थना हे नवऱ्याचं काम आणि बडबड हे तिचं, अशी वाटणीच झाली होती. गावात ख्रिस्ती घरं मोजून चार. पाळकसाहेब उमरग्याहून महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार शांतवनचे. दिवसभर दोर वळणारा हा माणूस उपासनेला उभा राहिला की पत्र्याच्या चर्चमधून त्याचा आवाज थेट ओढ्यापर्यंत जायचा. रूथबाईला तसलं गोड, एकाला एक लावून बोलणं कुठलं जमायला! ती डोळे घट्ट मिटायची आणि शेजारणीला जाब विचारावा तशी सुरू व्हायची.

"देवा, भाकर दिलीस, उपकार झाले. पर ह्या माणसाची उजवी बाजू कशापायी नेलीस ते काय तू अजून सांगितलं न्हाईस. डाव्या हातानं खायाचं म्हंजे निम्मं अंगावर सांडतंय. बघ बाबा, तुझं तूच बघ. आमेन."

सून अर्पिता ओढणी तोंडाला लावून हसू दाबायची. पूर्वी शांतवनही हसला असता, वर म्हणाला असता, "आगं, देव हाय त्यो, भाजीवाला न्हाय." आता तो हसत नव्हता. निम्मी भाकरी ताटलीत तशीच ठेवून बाजेवर आडवा व्हायचा.

नवरा पुन्हा चालेल ही आशा रूथबाईनं केव्हाच सोडली होती. सोलापूरच्या डॉक्टरनं तसं स्पष्टच सांगितलं होतं, आणि ती रडून मोकळीही झाली होती. तिची भीती वेगळीच होती. जन्मभर ज्याच्याशी बोलत आला त्या देवाशीच या माणसानं अबोला धरला होता. तो तसाच अबोला धरून गेला तर?

त्यात भादव्यात पावसानं कहर केला. ओढा पात्र सोडून रानात शिरला. उभं सोयाबीन शेंगांसकट कुजलं, बांध फुटले, रस्ते वाहून गेले. शांतवनच्या घरामागं रचून ठेवलेला वाख, म्हणजे दोराचा सगळा धागा, एका दुपारीत दिसेनासा झाला. दोर वळायची लाकडी चौकट भिंतीच्या खुंट्यांना आवळून बांधलेली, म्हणून तेवढी राहिली. पोरगा दानीएल पुण्यात गाडी चालवायचा, तो जमेल तसं पाठवायचा. रूथबाई आणि अर्पिता मजुरीला जायच्या म्हणाव्यात तर कुणाच्या रानात कामच उरलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी हणमंतप्पा दारात येऊन उभा राहिला. गावातला मोठा शेतकरी. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात पाऊस असो नसो छत्री. रूथबाईनं लगबगीनं खुर्ची पुढं केली.

"बसा की आप्पा. च्या टाकते."

"न्हाय न्हाय, आत्ताच झाला." आप्पाचा चहा या दारात नेहमीच आत्ताच झालेला असायचा. तो अंगणातच छत्रीवर रेलून बोलू लागला. "रूथबाई, एक सोल पायजे हुता. चांगला जाड, लांब दोर. रानात अजून चिखल हाय, ट्रॅक्टर जाईना. बैलगाडीवर वैरण आणावं म्हणलं तर नायलॉनचा दोर वल्ल्या वैरणीवर ठरंना झालाय. काल निम्मी गाडी वाटंतच सांडली. शांतवनच्या हातचा केकताडाचा सोल हुता आमच्याकडं, त्यो पुरात गेला."

मग त्याचं लक्ष ओसरीवरच्या बाजेकडं गेलं. तो दोन पावलं पुढं आला.

"कसं हाय शांतवन?"

"हाय तसंच."

आप्पानं मान हलवली. "एवढी प्रार्थना केलास जन्मभर. गावात कुणी आजारी पडलं की जाऊन बसलास. आमच्या म्हाताऱ्या अव्वाच्या उशाला बी बसला हुतास तू. आन तुझ्यावरच ही पाळी. कुठं गेला रं तुमचा देव?"

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं म्हणून त्यानं विचारलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"म्या बी तेच इचारतोय, आप्पा," शांतवन छताकडं बघत म्हणाला.

रूथबाईच्या तोंडचं पाणी पळालं. परक्या माणसापुढं त्यानं असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. काहीतरी करायला हवं, निदान काहीतरी बोलायला हवं, म्हणून ती पटकन म्हणून गेली, "सोल करून देतो आमी, आप्पा. काळजी नगा करू."

आप्पा गेल्यावर बाजेवरून आवाज आला. "कोण वळणार सोल?"

"आमी."

"आमी म्हंजे?"

"म्या, अर्पिता आन तुमी."

"मला धरू नगंस त्यात," शांतवन म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

रूथबाई एकदा हो म्हणाली की मागं हटायची नाही. तिचं माहेर जळकोटचं, तिथंही दोरच वळायचे; हात त्यातच वाढलेले. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन ती माळाच्या बांधावर गेली. पुरानं सगळ्या पिकांची माती केली होती, पण केकताड, म्हणजे घायपात, मात्र हिरवंगार, जाड पानांचे भाले रोखून उभं होतं. पानांच्या टोकाला सुईसारखे काटे. विळ्यानं एकेक पान कापायचं, काटा उडवायचा, भारे बांधायचे आणि डोक्यावरून ओढ्यावर आणायचे. पानांचा रस मानेवरून पाठीत उतरायचा आणि जाईल तिथं आग पेटवायचा. अर्पितानं पहिल्याच दिवशी दोन्ही हात खाजवून रक्त काढलं.

"आत्या, हे अंगावर उठतंय वं सगळं!"

"खाजवू नगं. खोबरेल लाव आन इसर."

"तुमाला न्हाय का खाजत?"

"खाजतंय की. पर म्या देवाला सांगत बसते, तवर कमी हुतंय."

पानं ठेचून, ओढ्याच्या साचल्या डोहात दगडाखाली कुजत घालायची. ती कुजली की जी घाण सुटायची तिनं वाटेवरचं माणूस नाकाला रुमाल लावून जायचं. रूथबाई गुडघाभर पाण्यात उतरून त्या पानांचा गाळ धुवायची, आतला वाख सोडवायची. हातांवर टरटरून फोड आले. एक दिवस वास डोक्यात गेला, उलटी झाली, आणि ती तिथंच काठावर बसून रडली. ओरडून विचारलं, "हायस का रं हितं? का तुला बी वास येतोय म्हणून गेलास पळून?"

डोहावर नुसत्या माश्या घोंगावत होत्या. पण विचारून झाल्यावर तिच्या मनात आलं, गोठ्यात जन्मला तो, शेणामुताच्या वासात; तो कशाला पळेल? एवढ्यावर तिचं तिलाच बरं वाटलं. तिनं तोंड धुतलं आणि पुन्हा पाण्यात उतरली. या बाईची श्रद्धा अशी होती. वर बघून हात जोडण्यापेक्षा गाळात पाय रोवून भांडण्यात ती जास्त दिसायची.

अंगणात अर्पिता दगडावर वाख ठेवून मोगरीनं बडवायची. धप, धप, धप. शांतवन बाजेवर डोळे मिटून पडलेला. रूथबाई भाकरी थापता थापता त्याच्याकडं चोरून बघायची. एका दुपारी त्याचे ओठ हलले.

"अजून कच्चा हाय. आवाजच सांगतोय."

रूथबाईचा हात परातीतच थांबला. पण उत्साह दाखवला तर हा पुन्हा आत जाईल, हे तिला पक्कं ठाऊक. ती सुनेवर खेकसली, "ऐकलंस का? अजून बडव!" आणि चुलीकडं तोंड करून एकटीच हसली.

वाख पांढराशुभ्र वाळला. त्याच्या तीन लडी वळून झाल्या. आता खरा सोल वळायचा होता.

घरामागच्या मोकळ्या बोळात त्यांनी चौकट रोवली. चौकटीला तीन आकडे आणि ते फिरवायला एक दांडा. तिन्ही आकड्यांना एकेक लड अडकवायची आणि तिन्हींची दुसरी टोकं लांब पलीकडं एकाच आकड्यात घ्यायची. दांडा फिरला की लडींत पीळ भरतो, आणि पीळ भरला की दोर आखडतो. म्हणून पलीकडचं टोक खांबाला बांधून चालत नाही. ते हळूहळू पुढं यावं लागतं. तिथं इतकी वर्षं शांतवन बसायचा. एका फळीवर मागं रेलून, टोक धरून, पीळ मागेल तेवढंच पुढं सरकत.

त्याच्या जागी रूथबाईनं फळीवर जात्याची तळी ठेवली. अर्पितानं दांडा फिरवायला घेतला. रूथबाई तीन खाचांचा लाकडी गोळा तिन्ही लडींच्या मध्ये धरून उभी राहिली. पीळ भरत गेला, लडी सतारीच्या तारांसारख्या ताणल्या, तळी काही जागची हलेना. आणि फाडकन आवाज करून एक लड तुटली, तिचं टोक रूथबाईच्या गालावर बसलं. गालावर लाल वळ उठला.

तुटलेली लड पुन्हा वळून जोडली. यावेळी तळीऐवजी हलका दगड घेतला. तो एकदम गचका देऊन पुढं उडी मारायचा आणि लडी ढिल्या पडून त्यांची वेटोळी व्हायची. सोडवायची, परत लावायची, परत वेटोळी. बोळाच्या तोंडाशी दोनचार बाया येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी हसलं. तेवढ्यात हणमंतप्पाही छत्री टेकत आला. जमिनीवर पडलेला गुंता त्यानं छत्रीच्या टोकानं उचलून बघितला.

"ऱ्हाऊ द्या, रूथबाई. तुमच्यानं हुयाचं न्हाय. म्या मुरुमच्या बाजाराला चाललोय, दुसरा नायलॉनचाच आणतो."

"उद्या सांजपतोर थांबा, आप्पा."

"आगं पर वळणारा माणूस न्हाय तर—"

"माणूस हाय," रूथबाई म्हणाली. "उद्या सांजपतोर थांबा."

ती तरातरा घरात गेली. शांतवननं सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"उठा," ती म्हणाली.

"कुठं?"

"फळीवर."

"दगडाच्या जागंवर?"

"व्हय, दगडाच्या जागंवर. दगडाला कळंना, म्हणून तुमी."

शांतवननं तिरक्या झालेल्या ओठावरची लाळ डाव्या हातानं पुसली. "मला उचलून नेणार तुमी दोघी बाया. समदी गल्ली बघणार. धाकटं लेकरू न्यावं तसं. न्हाय. मेलो तरी न्हाय. रूथ, म्या लोकांना धीर द्यायचो गं. आता माझंच वझं झालंय. देवाला माझा उपेग न्हाय, म्हणून त्यानं टाकलं मला."

रूथबाई खरं तर भांडायच्याच तयारीनं आली होती. पण त्याचा आवाज ऐकून तिचा जीव तुटला. ती बाजेशी खाली बसली. सुजलेल्या गालावर पदर दाबत हळू म्हणाली, "तुमीच सांगितलं हुतं चर्चात. उत्तम शुक्रवारी. म्या मागं बसले हुते, पोरगं मांडीवर हुतं. येशूला क्रूस एकट्याला पेलला न्हाय म्हणून. वाटंनं चाललेला कोण परका गडी धरून आणला आन त्याच्या खांद्यावर दिला. समदं गाव बघत हुतं की त्या टायमाला. लाजून त्यो म्हणला का, नगं, माझं म्या उचलतो?"

शांतवननं डाव्या हातानं गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

"त्याला दुसऱ्याचा खांदा चालला. तुमी काय त्याच्या वरचढ लागून गेलात?"

बाहेर अर्पिता गुंता सोडवत होती, वाखाची सळसळ ऐकू येत होती. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आदी लुंगी बदल. वल्ली हाय."

रूथबाईनं लुंगी बदलली. गुंता सुटेस्तोवर अंधार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला पुसून घेतलं, धुतलेला सदरा चढवला, केसांवरून ओला हात फिरवला. नवरदेवाची तयारी करावी तशी तिनं त्याची तयारी केली.

उन्हं जरा वर आल्यावर दोघींनी त्याला गोधडीत घालून बोळात आणलं. माणूस दोरकऱ्याचा, हाडापेरानं दणकट. आजारानं वाळला तरी दोघींची कंबर मोडायची वेळ आली. मध्येच एकदा ठेवावा लागला. बाया बघत होत्या. शांतवननं डोळे मिटून घेतले होते. त्याला फळीवर बसवलं. एका बाजूला कलू नये म्हणून रूथबाईनं जुन्या लुगड्यानं त्याची कंबर फळीला बांधली, फळीच्या पुढच्या बाजूला आकडा अडकवला आणि त्याचा डावा हात त्यावर ठेवला; फळी आवरायला डावी टाच मोकळी होती.

"धरलं का?"

"धरलं."

अर्पिता दांडा फिरवू लागली. लडींत पीळ चढत गेला.

"थांब!"

रूथबाई दचकली. बोळाच्या तोंडाशी उभ्या बायाही दचकल्या. शब्दाच्या कडा बोबड्या होत्या, पण आवाज तोच होता, ओढ्यापर्यंत जाणारा.

"मदली लड ढिली हाय. ती घट कर आदी. आता फिरव. दमानं. दमानं, पोरी, लगीनघाई न्हाय."

रूथबाईनं लाकडी गोळा लडींत घातला आणि ती चौकटीकडं मागं मागं चालू लागली, तोंड नवऱ्याकडं. गोळ्याच्या पुढं तिन्ही लडी एकमेकींना मिठी मारत होत्या आणि सोल तयार होत होता, जाड, गोल, एकसारखा. फळी खरखरत जमिनीवरून सरकली. वीतभर. मग थांबली. मग पुन्हा सरकली. त्या लाकडी गोळ्यात रूथबाईच्या तळहाताला पलीकडचा हात जाणवत होता. दगड एकतर धरून ठेवायचा नाहीतर सोडून द्यायचा. हा हात धरत होता आणि धरता धरताच सोडत होता.

ती मागं चालत होती. पाठीमागं काय आहे ते तिला दिसत नव्हतं. खड्डा आहे की दगड, काही कळत नव्हतं. पावलानं चाचपत ती जात होती. आणि तिला एकदम वाटलं, लकवा झाल्यापासून आपण अशाच तर चालत आलो. पुढचं काहीच दिसत नव्हतं. पुरात, डोहात, भाकरीपुढं, रोज विचारत आलो की आहेस का, आणि रोज वाटलं की कुणी नाही. पण दोर कधी ढिला पडला नाही. पडला असता तर आपली कधीच वेटोळी झाली असती. कुणीतरी टोक धरलंच होतं की! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळं पुसताही येईना. तिनं वाहू दिलं.

"रडायलीस का गं?" समोरून शांतवननं विचारलं.

"घाम हाय."

"रूथ, बघ की. म्या चालायलोय." फळी खरखरत सरकली. त्याचा सरळ राहिलेला अर्धा ओठ हसत होता, आणि त्याच्याही गालावर ओल होती. "सोल वढायलाय मला. बघ."

"बघतेय की. दुसरं हाय काय बघायला!" रूथबाई म्हणाली, आणि दांडा फिरवता फिरवता अर्पिता खळखळून हसली.

संध्याकाळी हणमंतप्पा आला. सोल अंगणात गुंडाळून ठेवला होता. आप्पानं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं दोन्ही हातांनी ओढून बघितलं, पिळावरून अंगठा फिरवला. मग बाजेवर उशीला टेकून बसलेल्या शांतवनकडं त्यानं बघितलं. फळीवर घासून शांतवनची मांडी सोलली होती आणि अर्पिता तिला तेल लावत होती.

"हे तुज्याच हातचं हाय, शांतवन," आप्पा म्हणाला. "शपथेवर सांगतो."

"तिघांच्या हातचं," शांतवन म्हणाला.

आप्पा जरा घुटमळला. मग मघापासून रिकामी असलेल्या खुर्चीवर बसला. त्याचा चहा त्या दिवशी अजून व्हायचा होता. रूथबाईनं काही न बोलता आधण ठेवलं.

तो गेल्यावर दिवेलागण झाली. रूथबाईनं ताटली पुढ्यात ठेवली. भाकरी, ठेचा, वर कच्च्या कांद्याची फोड. सवयीनं तिनंच डोळे मिटले, मान खाली घातली आणि सुरुवात केली, "देवा—"

"थांब," शांतवन म्हणाला.

तिनं डोळे उघडले. त्यानं डाव्या हातानं उजवा, मेलेला हात उचलून मांडीवर आणला आणि त्यावर डावा ठेवला. डोळे मिटले. भाकरीची वाफ निघून गेली तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. हा तोच माणूस, ज्याची प्रार्थना लांबली की मागच्या बाकावरची पोरं पेंगायची.

"बापा," तो म्हणाला, आणि परत थांबला.

"हायस."

एवढंच. रूथबाईनं वाट बघितली, पण पुढं काही आलं नाही. मग तिनं आपलं नेहमीचं गाऱ्हाणं शोधून बघितलं. हातावरचे फोड होते, गालावरचा वळ होता, वाहून गेलेला वाख होता, आणि आजही फोन न केलेला दानीएल होता. पण भांडायला काही सापडेना.

"आमेन," ती म्हणाली. तिनं भाकरी मोडली आणि पहिला तुकडा त्याच्या डाव्या हातात दिला.